तिसरी पीन

मु. वडसा, भैयाजीच्या कंपनीचा डेरा
२ डिसेंबर २००६

तीर्थरूप धनराजभाऊले,

कमळाचा सा. न. वि. वि. मायच्या पायावर डोकं ठेवते, वैनीले नमस्कार. तू रागात असशील तरी हे पत्र चुलीत घालू नको, काऊन का यात तुह्या धंद्याची गोष्ट आहे.

चिकनगुनियानं तुहे सांधे धरले अन् दुकान बंद आहे हे वैनीनं कळवलं. वाईट वाटलं. पण मनात म्हटलं, आता तरी भाऊले पत्र वाचायले वेळ भेटंल. तर आयक. यंदा आमच्या नाटक कंपनीचा मालक भैयाजीनं पेटीवाला अन् ऑक्टोपॅडवाला दोघायले काढून टाकलं अन् नागपुरातून एक जुना लॅपटॉप आणला. त्यातच सगळं भरलं आहे. गाण्याचं म्युझिक, विजेचा कडकडाट, बंदुकीचा बार, लेकराचं रडणं. बुधू नावाचा पोट्टा त्याच्यापुढं बसते अन् बटन दाबते. हेडफोनचं जे भोक असते ना, तिथून एक वायर निघते, ते अम्प्लिफायरले जाते, अन् तिथून भोंग्यात. अन् पहिल्या दिवसापासून भोंग्यात एकच आवाज: घुंऽऽऽ. बटन दाबा का नका दाबू, तो चालूच.

परवा नागभीडकडल्या एका गावात नाटक होतं. तिसरा अंक. माह्या मांडीवर मेलेलं लेकरू, मंडपात सुई पडली तरी आयकू येईल इतकी शांतता, अन् त्या शांततेत घुंऽऽऽ. मागून एका पोट्ट्यानं तसाच आवाज काढला. मग दहानं काढला. मग अख्खा मंडप घुमायले लागला. कोणी वरडला, गावात धानाची गिरणी आली. मी तशीच गात राह्यली, अन् एक गोटा आला तो माह्या कानाजवळ लागला. रक्त मानेपर्यंत आलं, भाऊ. हे काही मेकअपचं रक्त नोहोतं.

मग काय झालं ते तुले आवडणार नाई. माहा नवरा अमर नाटकातल्या ठेकेदाराच्या बुटासकट मंचावरून खाली कुदला अन् त्या गोटेवाल्याले त्यानं असा हाणला का त्याचा पुढचा दात गेला. मग गाववाले उठले. खुर्च्या मोडल्या, पडदा फाडला, भैयाजी हात जोडत फिरला. डेऱ्यावर आल्यावर त्यानं बुधूच्या थोबाडीत दिली अन् मले सांगतलं का पळसटोलीच्या बैलांच्या शंकरपटापर्यंत हा आवाज गेला नाई तर तो नागपूरची हिरोईन आणणार. म्हणे तिचा गळा मोठा आहे, आवाजाच्या वरून गाते. म्हंजे लॅपटॉप त्याचा खराब, अन् घरी बसायचं मी.

तू रेडिओ-टीव्ही सुधारते. सांग ना काय करू. आईबापाच्या मर्जीबाहेर लगन केलं म्हणून बहीण काही रद्द होत नाई.

तुह्या एका ओळीची वाट पाहणारी,
कमळा

---

भद्रावती
७ डिसेंबर २००६

चि. सौ. कमळास धनराजचे अ. आ.

पत्र मिळालं. माय बरी आहे. मी फळीसारखा पडून आहे. मूठ वळत नाही, गुडघा वळत नाही, तुझी वहिनी भाताचा घास करून भरवते. हे पत्र तिच्याच हातचं आहे, मी नुसता सांगत आहे. शिव्या तिनं गाळल्या आहेत.

आधी त्या तुझ्या राक्षसाबद्दल. मंचावर राक्षस, मंचाखालीही राक्षस. आज दुसऱ्याचा दात पाडला, उद्या तुझा पाडील. मी त्याचं नाव घेत नाही आणि घेणारही नाही. भाकरी खायची असेल तर भाकरी इथं आहे.

आता आवाजाबद्दल. अशा आवाजाचा माग काढावा लागतो, अंदाजानं ठोकाठोकी करून भागत नाही. त्या बुधूला सांग, आधी ती मधली वायर बदल. स्वस्तातल्या वायरीत जाळी नसते, तिच्यात घुं शिरतो. वायर बदलून राहिला तर लॅपटॉपचा चार्जर काढ आणि नुसत्या बॅटरीवर चालव. तेव्हा घुं थांबतो का ते पाहा. मग लॅपटॉपच्या भोकात साधा हेडफोन घालून कानानं ऐक, अम्प्लिफायर जोडू नको. तिथं आवाज आहे की नाही? आणि लॅपटॉपच्या लोखंडी भागाला बोट लावल्यावर आवाज कमी-जास्त होतो का? हे सगळं पाहून मला लिही. कोणी शहाणा लॅपटॉप खोलायला निघाला तर त्याचे हात बांध.

आणि कानाच्या जखमेला हळद लावलीस की नाही, तेही लिही.

आशीर्वाद आहेतच, राग आहे तोही आहेच.
धनराज

---

मु. वडसा
१३ डिसेंबर २००६

तीर्थरूप भाऊले अन् मायले,

कमळाचा सा. न. वि. वि. हळद लावली. जखम सुकली. वैनीनं शिव्या गाळल्या तरी मले आयकू आल्या.

तू सांगतलं तसं सगळं केलं. वायर नवीन आणली, घुं तसाच. चार्जर काढला तर लॅपटॉपच मेला! बॅटरी कधीचीच गेलेली आहे अन् भैयाजीले विकणाऱ्यानं सांगतलंच नाई. अन् आमच्या शहाण्या बुधूनं हे कधी करावं? चालू नाटकात. विजेचा कडकडाट अर्ध्यावर तुटला, बार वाजलाच नाई, अन् ज्याले गोळी लागायची तो बिचारा उभ्या उभ्या पोट धरून पडला. पब्लिक हासून हासून लोळली. भैयाजीनं बुधूचा सदरा गळ्यापासून फाडला, अमर मधात पडला, अन् दोघांची अशी जुंपली का भैयाजीच्या नाकातून रक्त आलं. आमच्या डेऱ्यावर नाटकापेक्षा मारामारी जास्त होऊन राह्यली आहे.

हेडफोन लावून आयकलं. आवाज साफ, घुं नाई. अम्प्लिफायरले जोडला का घुं. लॅपटॉपच्या कडेले बोट लावलं का आवाज बदलते. आता तू सांग हा काय रोग आहे.

अन् एक गोष्ट. ब्रह्मपुरीच्या बाजारात अंजनाबाई मावशी भेटली. माह्या गळ्यावरचे वळ पाहून तिनं तिथंच गळा काढला. ते तुमच्यापर्यंत आलंच असंल म्हणून आधीच सांगते. तिसऱ्या अंकात ठेकेदार माहा गळा दाबते. समोरची पब्लिक हातभर अंतरावर बसते, खोटं दाबलं तर तिले दिसते, म्हणून मीच अमरले म्हणते का दाब बरोबर. घरात तो ढेकूण मारत नाई, मलेच मारावं लागते. गावोगावचे लोक त्याले राक्षस म्हणतात, त्याचंच त्याले मानधन भेटते. पण तू तर घरचा आहे, तू कायले म्हणते?

लगनानंतर जवाई म्हणून त्याचे पाय कोणी धुतले नाई, त्याले पाट कोणी मांडला नाई. तो दुसऱ्याच्या लगनात पाय धुताना पाह्यलं का उठून बाहेर जाते.

मायेची आस लावून बसलेली,
कमळा

---

भद्रावती
१९ डिसेंबर २००६

चि. सौ. कमळास धनराजचे अ. आ.

अंजनाबाई आली होती. तिनं वळ सांगितले, तू नाटक सांगितलं. वळ खरे आहेत एवढं मला पुरे आहे. पाटाची गोष्ट पुन्हा लिहू नको.

रोग सापडला. तुझ्या लॅपटॉपात काही बिघाड नाही, भोकातही नाही. लॅपटॉपचा चार्जर एका बोर्डात आहे आणि अम्प्लिफायर दुसऱ्या, बरोबर? दोघांची अर्थिंगची तार वेगवेगळ्या जागी जमिनीत गेली आहे आणि तुमच्या त्या वायरीनं दोघांना मधूनच जोडलं आहे. दोन घरांचं सांडपाणी एकाच नालीत सोडलं की जसं ते इकडून तिकडे फिरतं, तसा थोडा करंट त्या वायरीतून फिरतो, आणि अम्प्लिफायर तोच मोठा करून ऐकवतो. तोच तुझा घुं.

खात्री करून घ्यावी लागेल. नाटक नसताना, मंचावर कोणी नसताना, अम्प्लिफायरच्या प्लगची तिसरी जाड पीन असते, ती अर्थिंगची, ती क्षणभर बाजूला करून पाहा. घुं थांबला तर मी म्हणतो तोच रोग. मला कळव. मग मी एक डब्बी बनवून पाठवतो, तिच्यात हातानं गुंडाळलेला लहानसा ट्रान्सफॉर्मर असेल. ती वायरीच्या मधे लावायची. आवाज पलीकडे जाईल, करंट जाणार नाही. बोटं वळायला लागली की गुंडाळायला बसतो.

माय तुझ्यासाठी मोहाचे लाडू ठेवून बसली आहे. ते एकटीनं येऊन खावेत असं तिचं नव्हे, माझं म्हणणं आहे.

बरी राहा.
धनराज

---

मु. वडसा
३० डिसेंबर २००६

माह्या गुणी, रागीट, वाकड्या भाऊले कमळाचा सा. न. वि. वि.

आवाज गेला! गेला, भाऊ, गेला! मायच्या तोंडात साखर घाल माह्या नावानं.

तुहं पत्र बुधूले वाचून दाखवलं. त्यानं ते तिसरी पीन पक्कडीनं कापली अन् घुं अर्धा झाला. भैयाजी म्हणे, एक कापून अर्धा जाते तर सगळ्या कापा. मग लॅपटॉपच्या प्लगची कापली, मिक्सरची कापली, जिथं जिथं तिसरी पीन दिसली तिथं तिथं कापली. आता भोंग्यात असं शांत का माह्या बांगडीचा आवाज मागच्या रांगेत जाते. चार गावं झाली, एक गोटा नाई, एक शिट्टी वाकडी नाई. काल लेकरू मरते तिथं बाया हुंदके देऊन रडल्या. भैयाजीनं पेढे वाटले अन् बुधूले स्वतःच्या हातानं भरवला. ज्या हातानं थोबाड फोडलं त्याच हातानं. तुही डब्बी आता लागत नाई, तू आराम कर. नागपूरची हिरोईन नागपुरातच राह्यली.

मी आता शेवटचं गाणं खुल्या गळ्यानं म्हणते. ठेकेदार गळा दाबून फेकते, मी पडते, समोरच्या लोखंडी स्टँडच्या माईकले धरून उठते अन् त्याले शिव्याशाप देते. दोन्ही हातानं स्टँड धरते. कधीमधी, दव पडून माती ओली असली का, हाताले मुंग्या येतात. अनवाणी असते ना मी. बुधू म्हणते का कला अंगात शिरून राह्यली.

नऊ तारखेले पळसटोलीचा शंकरपट आहे. दिवसभर बैलांच्या जोड्या धावणार अन् रातीले आमचं नाटक. पाच गावची पब्लिक येते. तुले चालता आलं असतं तर म्हटलं असतं, ये, अन् एक डाव तुह्या राक्षसाले काम करताना पाह्य.

आनंदानं पोट भरलेली,
कमळा

---

भद्रावती
६ जानेवारी २००७

(पाकिटावर: जो आधी उघडील त्यानं वाचावं. थांबू नये.)

कमळे,

नमस्कार-आशीर्वाद राहू दे. तुझं पत्र आज आलं अन् माझ्या अंगातला ताप डोक्यात गेला. मी काय लिहिलं होतं? क्षणभर बाजूला करून पाहा, एवढंच लिहिलं होतं. डॉक्टरनं नाडी पाहायले हात धरला म्हणून तुम्ही हात तोडून ठेवला! तुम्ही माणसं आहा का कोण आहा?

तुले मुंग्या येऊन राह्यल्या त्या कलेच्या नाहीत. तो करंट आहे. त्या जुन्या अम्प्लिफायरच्या पत्र्यात लाइन उतरून राहिली आहे अन् ते माइकच्या वायरीनं तुझ्या स्टँडपर्यंत येते. तिसरी पीन होती तोवर ती त्याले जमिनीत घेऊन जात होती. आता त्याले जमिनीत जायले एकच रस्ता आहे, तू. ओली माती अन् अनवाणी पाय. समजलं का?

भैयाजीच्या आफिसात फोन लावतो, कोणी उचलत नाही. त्याच्या मोबाईलला टॉवर नाही. मी खाटेवरून उठलो अन् उंबऱ्यात पडलो. म्हणून हे पत्र ब्रह्मपुरीच्या गाडीच्या ड्रायव्हरजवळ देत आहे, तो पुढं जीपवाल्याजवळ देईल.

आजच्या आज सगळे प्लग नवे लावा, तीन पिनांचे. लागेपर्यंत नाटक करू नका. केलंच तर स्टँडला कोणी हात लावू नका. अन् कोणी चिकटलाच तर त्याले हातानं ओढू नका, ओढणाराही चिकटतो. मेन बटन दूर असते, तिथं धावत बसू नका. वाळलेलं लाकूड घ्या अन् हातावर हाणा. सुटेपर्यंत हाणा. हाड मोडलं तरी चालेल, डॉक्टर जोडतो. दया दाखवाल तर मरेल.

घुं करू दे त्या भोंग्याले. पब्लिक गोटे मारील तर मारू दे. गोट्यानं तू मरणार नाहीस.

धनराज

---

भद्रावती
१२ जानेवारी २००७

कमळास अ. आ.

जिवंत आहेस हे अंजनाबाईच्या पोरानं सांगितलं, तेवढाच देव पावला. बाकी जे सांगितलं ते ऐकून माय कालपासून जेवली नाही.

तो शंकरपटाला गेला होता. त्यानं समोरच्या रांगेतून पाहिलं. म्हणतो, ठेकेदारानं तुले काठीनं मारलं. नाटकातलं नाही, खरं. तू माइकपाशी उभी होतीस अन् त्यानं तुझ्या मनगटावर पुन्हा पुन्हा घातले. हाड मोडल्याचा आवाज भोंग्यातून अख्ख्या मंडपाले ऐकू गेला. मग पब्लिक चढली अन् त्याले तुडवला. पोरगाही चढला होता. त्यानंही दोन घातल्या म्हणून छाती फुगवून सांगत होता. मी त्याले चहा पाजला.

पब्लिकनं हाणला ते कमी हाणला. बाकीचं मी करतो. कुऱ्हाड पाजळून घेतली आहे. बोटं अजून नीट वळत नाहीत, पण दांड्यावर घट्ट वळली. तुझी वहिनी लिहायला तयार नव्हती, म्हणून हे मी माझ्या हातानं लिहितो, अक्षर पाहून समजशील. डब्बी गुंडाळून झाली होती, ती भिंतीवर आपटून फोडली. त्या माणसासाठी माझ्या हातचं काही जाणार नाही.

पंधरा दिवसात उभा राहतो. तू कोणत्या दवाखान्यात आहेस ते कळव. त्याचा नको, तुझा पत्ता कळव.

तुझा भाऊ
धनराज

---

गडचिरोली, सरकारी दवाखाना
१७ जानेवारी २००७

भाऊले कमळाचा नमस्कार. डाव्या हाताचा आहे, म्हणून वाकडा आहे.

माहा अन् त्याचा पत्ता एकच आहे. तो खाटेवर आहे अन् मी खाटेखाली चटईवर. कुऱ्हाड घेऊन ये तू. पण त्याच्याआधी माह्याशी गाठ आहे, अन् माहा एक हात पलास्तराचा आहे, तो लोखंडासारखा लागते. भैयाजीले इचारून पाह्य. काल सफरचंद घेऊन आला होता, पलास्तराचाच हात त्याच्या तोंडावर दिला. सफरचंदं वार्डभर गेली.

आता आयक. मधात तोंड घालू नको.

तुहं पत्र नऊ तारखेलेच पोहचलं, दिवेलागणीले, पळसटोलीच्या मंडपात. मी तोंडाले रंग लावून राह्यली होती. जीपवाल्यानं पाकीट अमरच्या हाती देल्लं. वर लिहिलं होतं जो उघडील त्यानं वाचावं, म्हणून त्यानं वाचलं. पाच वर्षांत तुहा शब्द त्याच्या हाती पहिल्यांदा पडला. तसाच भैयाजीकडं गेला. भैयाजीनं आपल्या लेकराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली का दुपारीच सगळे प्लग नवे लावले. बुधू बाजूले होता. तो खाली पाहत राह्यला. इतक्या थोबाडीत खाल्ल्यावर माणूस काय बोलंल? अमर म्हणे मले दाखवा, तर भैयाजीनं अम्प्लिफायरच्या पेटीले कुलूप लावलेलं. पाच गावची पब्लिक बसलेली, घुं आला असता तर मंडप पेटवला असता तिनं. चाबी घरी राह्यली म्हणे. अन् तिसरी घंटा झाली.

अमरनं मले विंगेत सांगतलं का आज स्टँडले हात नको लावू. मी हासली. म्हटलं मग काय तुह्या डोक्याले धरून गाऊ काय? त्याच्या हातात चाबकाऐवजी सागाची काठी होती. इचारलं तर म्हणे चाबूक तुटला. चाबूक धड होता, भाऊ, पेटीत होता. मीच नंतर पाह्यला. चाबूक चामड्याचा, घामानं ओला असते. म्हणून त्यानं काठी घेतली होती.

दोन अंक मी हात दूर ठेवला. लक्षात होतं. तिसऱ्या अंकात त्यानं गळा दाबला, मले फेकलं, मी पडली. दिवसभर बैल धावून धूळ झाली होती म्हणून गाववाल्यायनं मंचावर भरपूर पाणी शिंपडलं होतं. चिखलच होता. मी रोजच्यासारखी उठली. उठताना रोज जिथं हात जाते तिथं गेला.

मग मुंग्या नाई, काही नाई. हात आपसूक मिटला. दात मिटले. छातीत कोणी मोठ्या हातोड्यानं हाणून राह्यलं असं वाटलं. वरडायचं होतं, गळाच नोहोता. मले सगळं दिसत होतं. समोर पब्लिक टाळ्या वाजवून राह्यली होती, शिट्ट्या मारून राह्यली होती. तिले वाटलं, काय काम करते बाई! माहं मरण पाहून लोक नोटा उडवून राह्यले होते, भाऊ.

ठेकेदारानं तिथं हासायचं असते. अमर हासला. अर्ध्यातच त्यानं माह्या डोळ्यांत पाह्यलं. मग काठी आली. पहिल्यानं सुटला नाई हात. दुसऱ्यानं हाड गेलं, मले आवाज आला, दुखलं नाई. तिसऱ्या का चौथ्यानं मी चिखलात पडली. तो रडत होता. रडत रडत हाणत होता. हे अंजनाबाईच्या पोरानं सांगतलं नसंल.

पब्लिकनं काय पाह्यलं? ज्याची सगळीकडं बोंब आहे तो राक्षस बायकोचा हात मोडून राह्यला. चढले सगळे. खुर्चीचे पाय, बैल हाकायच्या पराण्या, जे हाताले लागलं ते. अन् तो मार चुकवायले हटला नाई. स्टँड तिथंच आडवा पडला होता, करंट चालू होता, अन् गर्दी अनवाणी त्याच्यावर येत होती. तो स्टँडच्या पुढं हात पसरून उभा राह्यला अन् लाइन बंद करा, लाइन बंद करा असं बोंबलत राह्यला. ज्यानं त्याले हाणलं त्यालेच तो मागं ढकलून राह्यला होता, मरू नये म्हणून. कोणी आयकलं नाई. जबड्यावर पराणी बसली तवा बोंबलणं बंद झालं. मग बुधूनं मेन पाडला. अंधारातही मारतच होते.

जबडा दोन जागी मोडला, तारेनं बांधला आहे. चार फासळ्या गेल्या. एक डोळा उघडत नाई, उघडंल का ते डॉक्टर सांगत नाई. दुसऱ्या दिवशी पळसटोलीचे लोक आले. बुधूनं सगळ्यायले खरं काय ते सांगतलं होतं. पराणीवाला बुढा खाटेच्या पायथ्याशी बसून राह्यला, पाणी पेला नाई.

त्याले बोलता येत नाई, म्हणून नर्सनं पाटी देल्ली आहे. बुधूनं वडशाहून आणलेलं तुहं कुऱ्हाडीचं पत्र मी त्याच्यापासून लपवत होती, पण त्यानं माहं तोंड पाहूनच ओळखलं अन् मागितलं. वाचलं. पाटीवर लिहिलं, ते जसंच्या तसं उतरवते: भाऊले सांग, त्यायनं हाड मोडलं तरी चालंल म्हटलं होतं. त्यांच्या शब्दाबाहेर गेलो नाई.

आता तुले जे करायचं ते कर.

कमळा

---

भद्रावती
२३ जानेवारी २००७

श्रीमान जवाईबापू अमरराव यांसी,
धनराजचा सा. न. वि. वि.

पत्र तुमच्या नावानं आहे. कमळानं वाचून दाखवू नये. तुमचा एक डोळा उघडा आहे, त्यानं तुम्ही वाचावं.

तुमच्या डोळ्यासाठी नागपूरच्या डॉक्टरला विचारलं आहे. तो पाहतो म्हणाला. गडचिरोलीहून तुम्हाले सोडलं की गाडी करून मी घ्यायले येतो. इकडे-तिकडे नाही, सरळ इथं, भद्रावतीला. अंजनाबाईच्या पोराले मी पाजलेल्या चहाचा हिशोब करून टाकला. त्याचा गाल अजून सुजलेला आहे. तुम्ही आल्यावर तो पाया पडायले येणार आहे, त्याले लाथ मारायची का आशीर्वाद द्यायचा ते तुमचं तुम्ही ठरवा.

कुऱ्हाड पाजळली होती. तिनं काल लाकडं फोडली. तुमच्या आंघोळीच्या पाण्याले लागतील.

डब्बी पुन्हा गुंडाळली. बोटं कुरकुर करतात, पण तार नीट बसली. सोबत तीन पिनांचे नवे प्लग आहेत, ते मी स्वतः कसून दिले आहेत. यापुढं कोणी शपथ घेऊन सांगितलं तरी आपल्या डोळ्यानं पाहिल्याशिवाय कमळाले मंचावर जाऊ देऊ नका. तुम्ही पाहाल हे मले माहीत आहे, तरी लिहितो. बुधूले सांगा, त्या कंपनीत जीव रमत नसेल तर माझ्या दुकानात एक खुर्ची रिकामी आहे. इथं थोबाडीत कोणी मारत नाही.

पाट सुताराकडून नवा करून घेतला. परात मायनं घासून ठेवली आहे. माझे गुडघे अजून वळत नाहीत, खाली बसलो तर उठताना दोन माणसं लागतात. त्या दिवशी बसीन. उठवायले तुम्ही आहाच.

ती सागाची काठी कंपनीले परत देऊ नका, घेऊन या.

तुम्ही माझ्या बहिणीले मारलं. बरं केलं.

तुमच्या पायाच्या पाण्याची वाट पाहणारा,
धनराज